लॅटिन महाकोशाची मराठी पुस्तिका: कामाच्या नोंदी

३ जून २०२४

काम ठरलं. म्युनिकमध्ये बनत असलेला लॅटिनचा महाकोश, म्हणजे थेसॉरस लिंग्वे लॅटिने, कसा वाचायचा याची छोटी मराठी पुस्तिका करायची. वाचक आमच्या कोश-अभ्यासगटातलेच: संस्कृत, प्राकृत, मराठी कोशांवर काम करणारे, लॅटिन जेमतेम येणारे किंवा मुळीच न येणारे. कोशाच्या वापरसूचना १९९० साली बऱ्याच भाषांत छापल्या गेल्या, त्यात मराठी असण्याचं कारण नव्हतं. मूळ खंड हा कोश चालवणाऱ्या म्युनिकच्या बव्हेरियन अकादमीने २०१९पासून पीडीएफ करून फुकट खुले केले, त्यामुळे आता पुण्यात बसूनही हे करता येतं. पुढे सगळीकडे 'टीएलएल' असंच लिहीन.

पहिल्या बैठकीतच अपेक्षित प्रश्न आला. १८९४ला सुरू झालं, पंधरा-वीस वर्षांत उरकेल असा अंदाज होता आणि अजून चालूच आहे? मग हशा. पुस्तिकेचं पहिलं प्रकरण या हशालाच उत्तर म्हणून लिहायचं असं मी मनात पक्कं केलं. दिरंगाई म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. सुरुवातीला घेतलेल्या एका निर्णयाचा हा हिशेब आहे.

७ जून

पूर्वपीठिका लिहिली. लांबत चालली होती, कापली. सोळाव्या शतकातल्या पॅरिसच्या कोशकार रोबेर एस्तिएनला एक वाक्य. पादुआच्या फोर्चेल्लिनीला मात्र परिच्छेद दिला, कारण एकट्या माणसाच्या हातून काय होऊ शकतं याची ती जवळजवळ शेवटची मर्यादा आहे. चाळीसेक वर्षं खपून केलेला त्याचा कोश १७७१मध्ये छापून आला, तेव्हा तो स्वतः हयात नव्हता. पुढची शंभरावर वर्षं युरोपातल्या लॅटिनवाल्यांनी त्याच्याच जिवावर काढली.

१८५८मध्ये कार्ल हाल्मने मोठ्या कोशाची योजना मांडली होती, ती बारगळली. मग एडुआर्ड व्होल्फलिन. या माणसाने थेट कोशाला हात न घालता १८८४मध्ये लॅटिन कोशविद्येला वाहिलेलं नियतकालिक काढलं आणि दहा वर्षं जमीन तयार केली: कुठल्या शब्दाचा इतिहास कसा लिहायचा, काय मोजायचं, काय सोडायचं. १८९४मध्ये बर्लिन, ग्यॉटिंगेन, लाइपझिग, म्युनिक आणि व्हिएन्ना या पाच अकादम्या एकत्र आल्या. पाठीशी रोमचा इतिहासकार मॉमसेन याच्यासारखं वजनदार नाव होतं. संचालक तिघं: व्होल्फलिन, फ्रान्झ ब्यूशेलर आणि फ्रीडरिश लेओ. ब्यूशेलरचं नाव खालीही येणार आहे, लक्षात ठेवावं.

आपल्याकडे कोशाचा प्रस्ताव आला की आधी समिती होते, मग लेटरहेड. दहा वर्षं नुसत्या पद्धतीवर चर्चा करणारं नियतकालिक चालवायला आज कोण पैसे देईल? असो.

११ जून

आता तो निर्णय. लॅटिनच्या आरंभापासून इसवी सनाच्या सुमारे ६००पर्यंतचं सगळं लेखन कोशाच्या कक्षेत. साधारण दुसऱ्या शतकापर्यंतच्या ग्रंथांतला प्रत्येक शब्द, प्रत्येक वेळी तो आला तेव्हा, चिठ्ठीवर. निवड नाही. त्यापुढच्या काळातलं निवडून, कारण तिथून ख्रिस्ती लेखकांचा पूर येतो आणि एकट्या ऑगस्टिननेच लिहून ठेवलेलं एका माणसाला आयुष्यभर पुरेल.

'ग्रंथ' म्हणजे सिसेरो आणि व्हर्जिल एवढेच नव्हेत. शिलालेख आहेत, पाँपेईच्या भिंतींवर खरडलेलं आहे, कायदेपंडित आहेत, शेतीवरची पुस्तकं आहेत, खेचरांच्या रोगांवर लिहिणारे पशुवैद्य आहेत, बायबलची ओबडधोबड जुनी भाषांतरं आहेत. मला या कोशात सर्वांत जास्त आवडते ती ही पंगत. व्हर्जिलच्या ओळीशेजारी खेचराच्या खुराचं औषध, आणि दोघांना सारखाच मान.

चिठ्ठ्यांची रीत अशी: ग्रंथाचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, एक तुकडा एका चिठ्ठीवर हाताने लिहायचा, त्याच्या प्रती काढायच्या. तुकड्यात जितके शब्द तितक्या प्रती. मग प्रत्येक प्रतीवर एकेक शब्द अधोरेखित करून ती प्रत त्या शब्दाच्या खणात. १८९९पर्यंत ग्यॉटिंगेन आणि म्युनिक अशा दोन ठिकाणी हे चाललं, मग सगळं म्युनिकला एकत्र आलं आणि १९००मध्ये पहिला भाग छापून निघाला. आज त्या संग्रहात सुमारे एक कोटी चिठ्ठ्या आहेत.

१५ जून

वाचून कुणाला काही कळत नाही, करून बघू म्हटलं. रोमन उपहासकवी युवेनालिसच्या पंधराव्या उपहासिकेतली सातवी-आठवी ओळ घेतली. इजिप्तमधल्या प्राणिपूजेची टिंगल आहे:

'इलिक ऐलूरोस, हिक पिस्केम फ्लूमिनिस, इलिक ओप्पिदा तोता कानेम वेनेरांतुर, नेमो दियानाम.'

अर्थ साधारण असा: तिथे मांजरं, इथे नदीतला मासा, तिकडे अख्खी गावंच्या गावं कुत्र्याला भजतात, डायानाला (रोमनांची शिकारीची देवी) कुणीच नाही.

बारा शब्द, म्हणून बारा चिठ्ठ्या. (खऱ्या चिठ्ठ्यांवरचा तुकडा याहून मोठा असतो.) गटातल्या एका विद्यार्थ्याने झेरॉक्स काढून आणल्या, लाल पेनाने एकेक शब्द अधोरेखित केला आणि टेबलावर बुटांची रिकामी खोकी मांडून वाटायला बसलो. 'इलिक' दोनदा आहे, म्हणून एकाच खोक्यात दोन. 'कानेम' हे रूप द्वितीयेचं, खोकं 'कानिस'चं. इथवर सरळ. 'हिक'ला गाडी अडली. लिहायला एकच, पण एक 'हा' हे सर्वनाम आणि दुसरं 'इथे' हे अव्यय. "ताई, हे कुठल्या खोक्यात?" मी म्हटलं, ओळ वाच आणि तूच ठरव. त्याने दोनदा वाचली, आजूबाजूला 'तिथे… तिकडे' आहे म्हणून अव्ययाच्या खोक्यात टाकली. बरोबर. पण एवढ्या एका चिठ्ठीला कुणाला तरी ओळ समजून घ्यावी लागली. अशा कोटीभर.

नंतर बसून या बारा चिठ्ठ्यांचं म्युनिकला पुढे काय झालं असेल ते खंडांवरून लावून पाहिलं. पुस्तिकेत दुसरं काही नसलं तरी चालेल, हे हवंच:

'कानेम' नशीबवान, पहिल्या महायुद्धाच्या आत छापून झाली. 'फ्लूमिनिस'चा खंड त्या युद्धाच्या अलीकडे सुरू होऊन पलीकडे संपला. 'हिक' आणि 'इलिक'ला १९३०च्या दशकापर्यंत वाट पाहावी लागली. 'ओप्पिदा' दुसऱ्या महायुद्धानंतर. 'पिस्केम' ज्या पी अक्षरात आहे ते २०१०मध्ये पूर्ण झालं. 'नेमो'च्या अक्षराकडे तर एकविसाव्या शतकातच वळले. 'तोता' आणि 'वेनेरांतुर' अजून खणातच आहेत, त्यांचं अक्षर आलेलं नाही. 'दियानाम'ची गंमत निराळी: विशेषनामांसाठी वेगळी पुरवणी काढायला घेतली होती, ती सी आणि डी या दोन अक्षरांनंतर सोडून दिली. डायाना त्यात सापडली. तिचं नाव एफने सुरू होत असतं तर कोशाबाहेर राहिली असती.

एका कवीच्या दीड ओळीतून निघालेल्या चिठ्ठ्या आणि त्यांच्या छपाईत शंभर वर्षांहून मोठं अंतर. राहिली 'ऐलूरोस'. तिला स्वतंत्र नोंद लागेल.

१६ जून

मांजराची चिठ्ठी.

युवेनालिसच्या हस्तलिखितांत त्या जागी 'ऐलूरोस' नाही, 'काएरुलेओस' आहे, म्हणजे निळे. 'ऐलूरोस', मांजरं, ही पुढच्या विद्वानांनी केलेली दुरुस्ती, आणि ती पटण्यासारखी आहे: एका बाजूला मासा, एका बाजूला कुत्रा, मध्ये नुसतंच 'निळे' काय करणार? पण टीएलएलसाठी चिठ्ठ्या करताना जी प्रमाण आवृत्ती वापरली तिच्यात हस्तलिखितांतला पाठच ठेवला होता. साहजिकच चिठ्ठी गेली 'निळ्या'च्या खणात आणि पहिल्या खंडातल्या 'ऐलूरुस' या नोंदीत युवेनालिस आलाच नाही. जुन्या फोर्चेल्लिनीत मात्र मांजराखाली ही ओळ होती.

इंग्रज कवी आणि लॅटिनचा पंडित ए. ई. हाउसमन याने हे हेरलं आणि सोडलं नाही. म्युनिकच्या गुलामखान्यात साखळदंडांनी बांधून कोशावर राबणाऱ्या टोळ्या, असे त्याचे शब्द. अन्याय्य आहेत, आणि राबणाऱ्यांवर तर फारच. ती आवृत्ती कुणाची होती? ब्यूशेलरची. संचालकांपैकी एकाची. चिठ्ठी लिहिणाऱ्याने समोर ठेवलेलं पुस्तक इमानाने उतरवलं, पुस्तकात मांजर नव्हतं.

आमच्या गटाला नेमकं हेच सांगायचंय मला. कोशातला अर्थ चिठ्ठीवर उभा, चिठ्ठी आवृत्तीवर उभी. आपण ज्ञानेश्वरीचा दाखला देतो तेव्हा कुठल्या पाठाची ज्ञानेश्वरी, हे दर नोंदीत लिहितो का? बैठकीत विचारलं तर सगळे चहाकडे बघायला लागले.

टीएलएलचे आजचे संपादक जुनी चिठ्ठी जशीच्या तशी घेत नाहीत. प्रत्येक उतारा आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या आवृत्तीत उघडून तपासतात, पाठभेद पाहतात. वेळ कुठे जातो, तर इथे.

२१ जून

पीडीएफ छापून घ्यायला गेले. एका खंडाचं वजन बघून दुकानदाराने आधी विचारलं, "सगळं छापायचंय?" नाही, चार पानं.

२५ जून

अक्षरांचा क्रम. ए ते एम, मग ओ आणि पी पूर्ण. एन आणि क्यू वगळून पुढे गेले, आता एन आणि आर यांवर काम चालू आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, विसरले की काय. कारण अगदी व्यवहारी आहे. एनमध्ये 'नोन', 'ने', 'नेक', 'नाम', 'नुंक' असे शब्द भरलेत, म्हणजे नाही, नको, आणि नाही, कारण, आता. क्यूमध्ये 'क्वी', 'क्विस', 'क्वोद', 'क्वाम', 'क्वे': जो, कोण, की, पेक्षा, आणि. भाषेतले सर्वांत जास्त वापरातले, सर्वांत कमी 'अर्थ' असलेले शब्द. यांच्या चिठ्ठ्यांचे खण सर्वांत मोठे आणि त्यांत पकडण्यासारखं सर्वांत कमी. हत्तीवर थोडक्यात भागतं, 'की' या शब्दावर पानंच्या पानं जातात.

यावर गटातल्या एका ज्येष्ठ सरांनी नाक मुरडलं. त्यांचं म्हणणं, अवघड म्हणून मागे टाकणं ही पळवाट. मला तसं वाटत नाही. पी अक्षराला सुमारे तीस वर्षं लागली. त्याऐवजी तीच माणसं 'नोन' आणि 'क्वी'मध्ये अडकली असती तर वापरणाऱ्यांच्या हाती त्या काळात काय पडलं असतं? अर्धवट कोशही रोज वापरला जातो, हे विसरायला नको. सर म्हणाले, "मग क्यू शेवटी कोण करणार, ते सांगा." हे मात्र खरं.

३ जुलै

नोंदीची रचना समजावणारं प्रकरण. पुस्तिकेतलं सर्वांत रुक्ष आणि सर्वांत उपयोगी. मुद्दे टाचून ठेवते.

नोंद लॅटिनमध्येच असते, व्याख्यासुद्धा. सुरुवातीला लोक वैतागतात, पण विचार केला तर शहाणपणाचं आहे. १९००च्या जर्मनमध्ये लिहिली असती तर आज ती जर्मनच समजावून सांगावी लागली असती. शिवाय लिहिणारे अनेक देशांतले, वाचणारे त्याहून जास्त.

डोक्यावर 'शिर': व्युत्पत्ती, लेखनाचे प्रकार, रूपं, शब्द कुठल्या लेखकापासून दिसतो आणि कुणाकडे दिसतच नाही, पुढे इटालियन-फ्रेंच-स्पॅनिशमध्ये तो उरला का. घाईत लोक हे गाळून अर्थाकडे धावतात. माझ्या मते अर्धी किंमत इथेच आहे. सिसेरो एखादा शब्द टाळतो आणि शेतीवर लिहिणारे सर्रास वापरतात, ही माहिती अर्थाइतकीच बोलकी.

मग झाडासारख्या फांद्या: रोमन आकडे, मोठी अक्षरं, अंक, छोटी अक्षरं, ग्रीक अक्षरं. अर्थ शब्दाला शब्द देऊन सांगण्यापेक्षा वापर वेगळे काढण्यावर भर: माणसांबद्दल की वस्तूंबद्दल, शब्दशः की लक्षणेने, एकटा की ठरावीक शब्दाच्या जोडीने. प्रत्येक फांदीत उतारे कालक्रमाने, म्हणजे कुठला वापर आधी दिसतो ते नजरेनेच कळतं.

शीर्षशब्दाच्या आधी तारा असेल तर सगळे दाखले दिलेले नाहीत. तारा नसेल तर संग्रहातले सगळे दिलेत. एवढंसं चिन्ह, पण ते न बघता 'हा शब्द फक्त तीनदाच आलाय' असं ठोकून देणारे लेख मी वाचलेत.

दाखला देताना पान सांगायचं नाही, खंड, स्तंभ आणि ओळ सांगायची. शेवटी लिहिणाऱ्याची सही असते. खाली नाव आलं की माणूस चार वेळा तपासतो, आणि शंभर वर्षांनी चूक निघाली तर कुणाची तेही कळतं.

९ जुलै

प्रक्रियेचं पान पूर्ण. संपादकाला शब्दाचे खण मिळतात. तो सगळ्या चिठ्ठ्या वाचतो, टेबलावर ढीग लावतो, ढीग मोडतो, पुन्हा लावतो. मग मसुदा. तो वरिष्ठ संपादकाकडे जातो, तिथून बदलून येतो. मुद्रितं बाहेरच्या जाणकारांकडेही जातात. काही शब्दांना आठवडे, काहींना वर्षं.

मुक्काम म्युनिकच्या जुन्या राजवाड्यात, रेसिडेन्झमध्ये. अकादमीचं बिऱ्हाडच तिथे आहे. ६०० नंतरच्या लॅटिनचा एक मध्ययुगीन कोशही तीच अकादमी करते, म्हणजे एका छपराखाली दोन न संपलेले कोश.

१५ जुलै

युद्धांचं प्रकरण थोडक्यात आवरलं. पहिल्या महायुद्धाने माणसं नेली, नंतरच्या चलनवाढीने पैसा. दुसऱ्यात म्युनिकवर बाँब पडायला लागले तेव्हा चिठ्ठ्या शायर्न इथल्या मठात हलवल्या होत्या. तिथल्या बेनेडिक्टाइन साधूंच्या आसऱ्याला लॅटिन सुखरूप राहिलं, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं. १९४९मध्ये आंतरराष्ट्रीय समिती झाली आणि कोश फक्त जर्मन-ऑस्ट्रियन अकादम्यांचा राहिला नाही. तेव्हापासून निरनिराळे देश आपले तरुण अभ्यासक तिथे पाठवतात. ते येतात, काही शब्द लिहितात, सही करून परत जातात.

१९ जुलै

डेक्कन कॉलेजच्या संस्कृत कोशाशी तुलना हवी, असा गटाचा आग्रह. रास्त आहे. येरवड्याला इतक्या जवळ एवढं मोठं काम चालू असताना म्युनिकचंच कौतुक का? सु. मं. कत्रे यांनी १९४८मध्ये ते सुरू केलं, सुमारे दीड हजार ग्रंथ निवडले, ऋग्वेदापासून पुढच्या कितीतरी शतकांतले. तिथेही चिठ्ठ्या सुमारे एक कोटी, आणि तिथेही ऐतिहासिक क्रमाने अर्थ. पहिला भाग १९७६मध्ये आला. खंडांमागून खंड निघाले तरी मुक्काम अजून 'अ'मध्येच.

फरक दोन लिहिले. एक, संस्कृतचा कालपट टीएलएलपेक्षा कितीतरी लांब आहे आणि शास्त्रं जास्त. दोन, नकारार्थी 'अ'मुळे पहिलंच अक्षर प्रचंड फुगतं: अकर्म, अक्षय, अज्ञान, संपतच नाही. म्युनिकवाल्यांनी एन बाजूला ठेवला, पुण्यात तसं करायचं म्हटलं तर कोश सुरूच होणार नाही.

परदेशी कोशाला 'चिकाटी' आणि आपल्याला 'रखडपट्टी' म्हणणारे लेख वर्तमानपत्रांत दिसतात. दोन्ही शब्द मी पुस्तिकेत कुठेच वापरलेले नाहीत.

२६ जुलै

तरुण मंडळींचा मुद्दा: सगळं लॅटिन आता संगणकावर आहे, एका शोधात सगळे दाखले निघतात, मग चिठ्ठ्या कशाला?

निघतात, आणि टीएलएलचे संपादकही ते काढतात. उशिराच्या ग्रंथांसाठी, जिथे चिठ्ठ्या निवडक आहेत, तिथे तर फारच कामाचं. पण परवाची 'हिक'ची चिठ्ठी आठवा. शोध दोन्ही 'हिक' एकत्र ओतेल. आता यंत्रंही बऱ्यापैकी वेगळे काढतात, तेही लिहिलं. तरी वर्गीकरण कुठल्या निकषावर करायचं, हा प्रश्न यंत्राने सुटत नाही. आणि मांजराची ओळ ज्या आवृत्तीवरून टंकित केली असेल तिच्यात 'निळे' असेल तर शोधालाही मांजर सापडणार नाही. १९००ची अडचण अजून तशीच आहे.

त्या विद्यार्थ्याला हे पटलं नाही. त्याने लॅटिनच्या दोन वेगळ्या डिजिटल संग्रहांत ती ओळ शोधून पाहायचं ठरवलंय. उत्तम. निष्कर्ष काहीही निघो, तळटीप त्याच्या नावाने.

२ ऑगस्ट

मसुदा वाचायला दिला. शेवटच्या पानावरून वाद. अकादमीच्या अंदाजाने काम २०५०च्या सुमारास संपेल. ज्येष्ठ सरांना तो आकडा नको: "पहिला अंदाज पंधरा वर्षांचा होता ना?" मी ठेवला, पण पहिल्या अंदाजाच्या शेजारीच, एकाच वाक्यात. क्यू अजून बाकी असल्याचंही त्यातच घातलं. सर म्हणाले, "हं, मग चालेल." खर्डा उद्या टंकनाला.